प्रौढपणी परभाषा



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी येतात आणि आपण त्यांना ऐकता. त्या मालिकेत माझे नाव पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. खरे सांगायचे तर मलाही वाटले. मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. कर्जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ३६ वर्षे नोकरी केली आणि त्यातला बहुतेक काळ पहिली-दुसरीच्या वर्गांत घालविला. २०१९ साली निवृत्त झाले. त्यानंतर घरी बसून, कोणत्याही वर्गाला न जाता, स्पॅनिश भाषा शिकले. एवढ्याशा भांडवलावर चालकांनी मला आज आपल्यापुढे उभे केले आहे.

ही गोष्ट गावात कळल्यापासून मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, “बाई, या वयात हे कशाला?” आणि दुसरा, “या वयात हे जमते कसे?” पुष्कळांना दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची उत्सुकता असते. त्यांना एखादी युक्ती हवी असते. परंतु माझा अनुभव असा, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ नाही, त्याला दुसऱ्याचे उत्तर सांगून उपयोग होत नाही. म्हणून आज मी ‘कशाला’पासून सुरुवात करणार आहे.

आपल्या महाराष्ट्रात मोठेपणी परभाषा शिकलेल्या माणसांची परंपरा लहान नाही. लोकमान्यांचेच पाहा. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण झाली. मंडालेच्या तुरुंगात त्यांना शाईदौत मिळत नसे. शिसपेन, आणि पाने मोजून बांधलेल्या वह्या, एवढेच लेखनसाहित्य. त्या कोठडीत त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले हे आपण सारे जाणतो. परंतु त्याच कोठडीत ते पुस्तकांच्या आधाराने जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषाही शिकले, हे आपल्याला तितकेसे आठवत नाही. त्यांना जर्मनांशी गप्पागोष्टी करावयाच्या नव्हत्या. युरोपातल्या पंडितांनी वेदांविषयी आणि तत्त्वज्ञानाविषयी काय लिहिले आहे, ते मुळातून वाचावयाचे होते. वाचण्यापुरती भाषा हवी होती, आणि वाचण्यापुरती भाषा माणूस भिंतींच्या आतही मिळवू शकतो.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, १८९५ सालचा. कुराण मुळातून वाचावे म्हणून ते मोठेपणी अरबी शिकले. १९४२नंतरच्या तुरुंगवासात त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला. तिसरे उदाहरण डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. सोलापूरचा हा तरुण १९३८ साली चीनला गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही पुरता झाला नव्हता. दुभाष्याच्या तोंडून रोग्याचे दुखणे ऐकण्यात त्यांना समाधान वाटेना. ते चिनी शिकले, आणि इतके शिकले की त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथेच वारले.

आणि चौथे उदाहरण, जे माझ्या विषयाला सर्वांत जवळचे आहे, ते डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे. वर्ध्याचा हा क्रांतिकारक. अमेरिकेत गदर चळवळीत त्याने काम केले, पहिल्या महायुद्धात इराणच्या डोंगरांत तो लढला, आणि चाळिशीच्या आसपास, १९२४ साली, मेक्सिकोत जाऊन पोचला. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या नव्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरासारख्या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. आता विचार करा. मेक्सिकोतल्या शेतकऱ्याला इंग्रजी येत नव्हते, आणि मराठी तर येणारच नव्हते. त्याच्या बांधावर उभे राहून मक्याच्या कणसाविषयी बोलायचे तर स्पॅनिशच बोलावी लागणार. खानखोजे ती बोलले. १९६७ साली नागपुरास त्यांचे निधन झाले.

ही चार माणसे अलौकिक बुद्धीची होती, तेव्हा त्यांची गोष्ट वेगळी, असे आपण म्हणाल. बुद्धीचे सोडून द्या. एक गोष्ट चौघांतही सारखी आहे, आणि ती तुमच्या-माझ्या आवाक्यातली आहे. भाषा कशासाठी हवी, हे चौघांनाही ठाऊक होते. एकाला ग्रंथ वाचायचे होते, एकाला धर्मग्रंथ समजून घ्यायचा होता, एकाला रोग्याशी बोलायचे होते, एकाला शेतकऱ्याशी. ज्याला जेवढी भाषा लागत होती, तेवढी त्याने मिळविली.

मला हे फार उशिरा कळले. आता माझी गोष्ट सांगते.

माझी मुलगी नोकरीनिमित्त मेक्सिकोला गेली आणि २०१८ साली तिने तिथल्याच मुलाशी लग्न केले. जावई सालस आहेत, इंग्रजी बोलतात, त्यांच्याशी माझे मोडकेतोडके जमते. परंतु विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नाही. मोबाइलच्या पडद्यावर आम्ही दोघी विहिणी समोरासमोर बसायचो आणि हसायचो. दुसरे करणार काय? हसून हसून गाल दुखायचे. शेवटी एकमेकींना हात हलवून आम्ही उठायचो.

तेव्हा मी पहिल्यांदा स्पॅनिश शिकायला घेतली. कारण विचाराल तर, विहीणबाईंवर छाप पडावी! मुलीची आई काही अडाणी नाही, हे त्यांना दिसावे. तीन आठवड्यांत तो उत्साह मावळला. दुसऱ्यांदा घेतली ती निवृत्त झाल्यावर, वेळ जात नाही म्हणून. या खेपेस व्याकरणाचे पुस्तक आणले, दोनशे शब्द वहीत उतरवून पाठ केले. महिन्याभराने वही उघडली तर त्यांतले वीसही आठवेनात. माझे वय झाले, असा निष्कर्ष काढून मी वही माळ्यावर टाकली.

तो निष्कर्ष चुकीचा होता. उच्चारांत लहान मुले मोठ्यांना मागे टाकतात, हे खरे. परंतु आरंभीच्या काळात, नियम समजून घेण्यात आणि वाक्यरचना उचलण्यात, मोठी माणसे मुलांपेक्षा झपाट्याने पुढे जातात, असेच अभ्यासकांना आढळले आहे. माझ्या विसरण्याचे कारणही वयात नव्हते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतात ते मोजायचे, असा तो खटाटोप. त्याला दिसले, की पाठ केलेले बहुतेक पहिल्या काही तासांत आणि दिवसांत निसटते. परंतु मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर ते टिकते. मी दोनशे शब्द एका बैठकीत घोकले होते आणि महिनाभर त्यांच्याकडे पाहिले नव्हते. पहिलीच्या मुलांकडून रोज पाढे म्हणवून घेणाऱ्या बाईला एवढे कळू नये!

मग २०२० साल उजाडले. मुलीला दिवस गेले होते, सप्टेंबरची तारीख होती. बाळंतपणाला मी जाणार, असे ठरलेले. मार्चअखेर महामारीमुळे आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. आपल्या शेलू स्टेशनात लोकलची घंटासुद्धा ऐकू येईना, तिथे मेक्सिकोचे काय बोलावे! एप्रिलमध्ये मला उमगले, की मुलीचे बाळंतपण विहीणबाई करणार. आणि माझी मुलगी कशी आहे, तिला काय चालते, काय सोसत नाही, हे त्या बाईंना सांगायला माझ्याजवळ शब्द नाही. मुलगी मध्ये दुभाषी होईल म्हणावे, तर ती मुळातच दुखणे लपविणारी. आईचे बोलणे ती सासूला अर्धेच सांगणार.

त्या दिवशी मी माळ्यावरून वही काढली. हातात पाच महिने होते.

या खेपेस मी पुस्तकाच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात केली नाही. मला विहीणबाईंना जी वाक्ये सांगायची होती, ती आधी मराठीत लिहिली. “तिला भूक लागते का?” “ती झोपली का?” “ती दुखणे लपविते, तिला पुन्हा विचारा.” “तुम्हीही थोडा विसावा घ्या.” अशी दहा वाक्ये. ती शब्दकोशाच्या आणि मोबाइलवरच्या धड्यांच्या साहाय्याने स्पॅनिशमध्ये आणली, मुलीकडून तपासून घेतली, आणि भाकऱ्या थापता थापता मोठ्याने म्हणू लागले. आज पाठ केलेले उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा म्हणायचे. दहा वाक्यांची वीस झाली, विसाची पन्नास. शब्द सुटे पाठ केले की हरवतात. वाक्यात बांधले की राहतात, असा मला अनुभव आला.

आणि इथे एक गोष्ट आपल्याला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती कोणत्याही इंग्रजी पुस्तकात मला सापडली नाही. मराठी माणसाला स्पॅनिश इंग्रजीच्या वाटेने शिकण्याची गरज नाही. मराठीच्या वाटेने ती जवळ पडते. इंग्रजाला त्या भाषेतले त आणि द म्हणताना कष्ट पडतात. आपले त आणि द तेच आहेत. तिचे स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. लिहिले तसे वाचावे, बहुतेक आपल्यासारखेच. क्रियापद ऐकले की कर्ता कळतो. आपण नुसते ‘जातो’ म्हटले तरी भागते. तेही ‘व्हॉय’ एवढेच म्हणतात. आणि सर्वांत मौजेची गोष्ट अशी. आपण म्हणतो, ‘मला आंबा आवडतो.’ ते म्हणतात, ‘मे गुस्ता एल मांगो.’ आंबे पुष्कळ झाले की आपण म्हणतो ‘आवडतात’, ते म्हणतात ‘गुस्तान’. म्हणजे आवड मला, आणि क्रियापद चालते आंब्याच्या तंत्राने. इंग्रजी बोलणारे या रचनेपाशी अडखळतात. मी मात्र ते वाक्य वाचले आणि माहेरचे कोणी भेटावे तसा आनंद झाला.

शब्दांचेही तसेच. स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज. ती आपल्या किनाऱ्यावर दोनशे वर्षांहून अधिक काळ नांदली आणि पुष्कळ शब्द मागे ठेवून गेली. आपण महिन्याच्या एक तारखेला ‘पगार’ घेतो. स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपला ‘पाव’ आणि त्यांचा ‘पान’ एकाच कुळातले. ‘चिकू’ हे फळ आणि त्याचे नाव, दोन्ही मेक्सिकोकडची. एवढेच काय, आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यातल्या कोर्लई गावी, काही ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीजपासून झालेली एक बोली घरात बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. पोर्तुगीजांनी चौल सोडले ते १७४० साली. त्यांची भाषा मात्र एका गावात राहून गेली. तेव्हा परकी म्हणतो ती भाषा आपल्या उंबऱ्यापासून किती दूर असते, हे सांगणे कठीण आहे.

परंतु श्रोतेहो, व्याकरण आणि शब्द ही सोपी बाजू झाली. अवघड बाजू निराळी आहे. ती शरमेची.

मी गावात बाई म्हणून ओळखली जाते. माझ्या मराठीला कोणी नाव ठेवीत नाही. उलट अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. अशा माणसाने दुसऱ्या भाषेत तोंड उघडले की दोन वर्षांच्या पोरासारखे बोबडे बोल निघतात. हा अपमान मोठ्या माणसाला सोसत नाही. स्मरणशक्तीपेक्षा हा अपमानच पुष्कळांना भाषेपासून परत फिरवितो, असे माझे मत झाले आहे. पुस्तकाशी एकट्याने बोलताना शरम नसते. म्हणून आपण पुस्तकापाशीच घुटमळत राहतो, आणि मग भाषा डोळ्यांत राहते, जिभेवर येत नाही.

मे महिन्यात मी पहिल्यांदा विहीणबाईंशी स्पॅनिश बोलले. आमच्या जेवणाविषयी सांगत होते. कोकणातली माणसे, तेव्हा माशांचा विषय निघालाच. मासळीला तिकडे ‘पेस्कादो’ म्हणतात. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “आमच्या घरी आठवड्यातून दोनदा पेकादो असते.” विहीणबाई क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “फक्त दोनदा? आमच्याकडे रोज असते!” आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मुलीने मागाहून सांगितले, की ‘पेकादो’ म्हणजे पाप. तोपर्यंत विहीणबाई मला ‘उस्तेद’ म्हणत, म्हणजे आपण ‘आपण’ म्हणतो तसे. त्या दिवसापासून त्यांनी मला ‘तू’ म्हणायला सुरुवात केली. त्या भाषेतही ‘तू’ला ‘तू’च म्हणतात. दोन वर्षे हसत बसून जे झाले नव्हते, ते एका चुकीने झाले.

सगळ्याच वेळा असे गोड नव्हते. जूनमध्ये एके दिवशी त्यांच्या घरी नातेवाईक जमले होते आणि पडद्यावर मला सर्वांपुढे ठेवले. सगळे भराभर बोलत होते. मला एकही वाक्य पुरते कळेना. मी तोंडावर हसू ठेवून गप्प बसले. एका वृद्ध गृहस्थांनी मला काही विचारले. मी उत्तर दिले नाही, तसे त्यांनी तेच मोठ्याने आणि सावकाश विचारले, बहिऱ्या माणसाला विचारावे तसे. मला तेवढे शब्द येत होते. परंतु इतकी डोकी माझ्याकडे पाहत असताना ते येईनात. मग ते शेजाऱ्याकडे वळून काहीसे पुटपुटले. त्यातला एकच शब्द मला कळला, ‘पोब्रे’. म्हणजे बिचारी.

फोन ठेवला आणि मला एक मुलगा आठवला. परंतु त्याची गोष्ट शेवटी सांगते. आधी सप्टेंबर.

मुलीला दवाखान्यात नेल्याचे कळले ती इकडची पहाट होती. त्या दिवसांत आत कुणाला सोडत नसत. जावई बाहेर थांबले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. मी घरच्या फोनवर विहीणबाईंना गाठले. पडदा नाही, चेहरा नाही, हातवारे नाहीत; नुसता आवाज. मी विचारले, “कोमो एस्ता मी इखा?” माझी मुलगी कशी आहे? त्या भाषेत ‘मी’ म्हणजे ‘माझी’. त्या पुष्कळ काही बोलल्या. मुलगा झाला, शस्त्रक्रिया झाली, एवढे समजले. मग शब्द आला ‘देबिल’. अशक्त. रक्त पुष्कळ गेले होते. माझे हातपाय गळाले.

आता एवढी एकच व्याकरणाची गोष्ट ऐका. आपल्या ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत. जे स्वभावतः आहे, कायमचे आहे, त्याला ‘एस’. जे आत्ता, या अवस्थेत आहे, त्याला ‘एस्ता’. हा भेद पाठ करताना मी पुष्कळ कंटाळले होते; आपल्या एका ‘आहे’त सारे भागत असताना यांना दोन कशाला, असे वाटे. विहीणबाई म्हणाल्या होत्या, “एस्ता देबिल.” त्यांनी ‘एस्ता’ म्हटले होते. म्हणजे आत्ता अशक्त आहे. जाईल ते. मग त्या सावकाश म्हणाल्या, “एस्ता कान्सादा, पेरो एस्ता बिएन.” थकली आहे, पण बरी आहे. हे वाक्य मला दुसऱ्या कोणी समजावून सांगावे लागले नाही. पाच महिन्यांची सगळी मेहनत त्या एका वाक्यासाठी झाली असे कोणी म्हटले, तरी माझी तक्रार नाही.

पुढे मी माझी तयार वाक्ये सांगू लागले. गरम खायला द्या, अंगाला वारा लागू देऊ नका, सव्वा महिना तिला उठू देऊ नका. विहीणबाईंनी मला मध्येच थांबविले. त्यांच्याकडेही बाळंतिणीला चाळीस दिवस विश्रांती असते. तिला ‘कुआरेन्तेना’ म्हणतात. बाळंतिणीला गरम सार द्यायचे, मक्याच्या पिठाची पातळ ‘आतोले’ द्यायची. आपली पेजच ती! मी पाच महिने खपून त्यांना जे शिकवायला निघाले होते, ते त्यांच्या आजीने त्यांना शिकविलेले होते. भाषा आली नसती तर हे मला कधी कळले नसते. मी इकडे काळजीत जळत राहिले असते, आणि एका शहाण्या बाईला अडाणी समजत राहिले असते.

आता त्या मुलाविषयी.

१९९०च्या सुमारास मी एका वाडीवरच्या शाळेत होते. वर्गात निम्मी मुले कातकऱ्यांची. त्यांतला एक मुलगा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मी चित्रांचा तक्ता पुढे धरायची आणि विचारायची, “सांग, हे काय आहे?” चित्र खेकड्याचे असायचे. तो मुलगा पावसाळ्यात ओढ्यातून हातांनी खेकडे धरून आणणारा. खेकडा त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होता. परंतु त्याच्या घरी त्याचे नाव वेगळे होते, आणि माझा शब्द चुकला तर वर्ग हसेल हे त्याला पक्के माहीत होते. तो खाली पाहत उभा राही. मी तेच मोठ्याने आणि सावकाश विचारी. मग दुसऱ्या मुलाकडे वळे. वर्षअखेरीस माझ्या टाचणवहीत मी त्याच्या नावापुढे एक शब्द लिहिला, ‘मंद’. दिवाळीनंतर आईबापांबरोबर तो वीटभट्टीवर जाई, पावसाच्या तोंडाशी परत येई. तिसऱ्या वर्षी आला नाही. पटावरून नाव मी माझ्या हाताने कमी केले.

तो परभाषा शिकत होता, हे माझ्या लक्षातच आले नाही. मराठी ही त्याला परभाषा होती, आणि सहाव्या वर्षी, एकट्याने, विनापुस्तक, हसणाऱ्या वर्गापुढे तो ती शिकत होता. मला साठीच्या घरात, स्वतःच्या घरातल्या खुर्चीवर बसून, मायेच्या माणसांसमोर जे एक तास सोसले नाही, ते त्याने दोन वर्षे सोसले. तो मुलगा आज कोठे असेल ते मला माहीत नाही. त्याची क्षमा मागायलाही तो मला सापडलेला नाही.

म्हणून आपल्यापैकी जे भाषा शिकू पाहतात, त्यांना मी इतकेच सांगेन. येथून रोज लोकलने मुंबईला जाणारी मंडळी पुष्कळ आहेत. जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास गाडीत जातात. त्यातला अर्धा तास दिलात तरी पुरेल. परंतु पुस्तक विकत घेण्यापूर्वी, ही भाषा कुणासाठी, हे ठरवा. वाचायचे असेल तर वाचण्यापुरती शिका, त्यात कमीपणा नाही. बोलायचे असेल तर पहिल्या महिन्यातच कुणाशी तरी बोला आणि चुका. आपल्यावर हसणारे, पण आपल्याला न टाकणारे एखादे माणूस शोधा, माझ्या विहीणबाईंसारखे. आणि आपल्या गावात कोणी आपली भाषा मोडकीतोडकी बोलत असेल, इमारतीवरचा गवंडी असो की बाजारात भाजी घेऊन बसलेली वाडीवरची बाई, तर त्याला चुकू द्या. त्याचे वाक्य त्याला पुरे करू द्या.

माझ्यापुरते म्हणाल तर गेल्या दोन वर्षांपासून मी आणखी एक भाषा शिकते आहे. आठवड्यातून दोनदा सकाळी चालत पाऊण तासावरच्या एका वाडीवर जाते. तिथल्या एक आजी मला कातकरी शिकवितात. पुस्तक नाही, मोबाइलवर धडे नाहीत. त्या बोलतात, मी वहीत उतरविते, आणि चुकले की वाडीतली सारी पोरे हसतात. मीही हसते. ३६ वर्षे या लोकांत काढून, त्यांच्या बोलण्याला भाषा म्हणावे हे मला सुचले नव्हते. खेकड्याला काय म्हणतात, ते मी पहिल्याच दिवशी विचारून घेतले.